शिमेपलीकडचा घोडा

दादा, तुझं कदेल मी अजून जनेलापाशीच, खिडकीला लागून ठेवलं आहे. घरातले म्हणतात, हलव आता ती खुर्ची, येता-जाता पायाला लागते. लागू दे म्हटलं. तू बसायचास तेव्हाही लागायचीच, तेव्हा कोणी बोललं नाही. सर्वणच्या या माझ्या घरी तू जामिनाच्या अटीवर राहायला आलास, म्हणजे धड पाहुणा नाही आणि धड घरचाही नाही. पण जनेलावर पहिल्या दिवसापासून तुझाच हक्क. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की तू हाक मारायचास, "बाय, उंडो," आणि चहात पाव बुडवून खात बाहेर बघत बसायचास. बाहेर होतं काय, तर पोफळींच्या कुळागराची कड, दोन काजू आणि नदीकडून चढत येणारं धुकं. एवढ्यावर तुझा अख्खा दिवस निघायचा.

माघातल्या त्या दुपारी तू त्याच कदेलात गेलास. ताप होता, छाती भरली होती, डॉक्टर बघून गेले होते. मी पेज घेऊन आले तर तू जनेलाकडे मान करून झोपलेला. मी वाटी मेजावर ठेवली आणि तुला उठवलं नाही. बराच वेळ उठवलं नाही. ते बरंच केलं असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून दुपारी जरा डोळा लागला की मला ढोल ऐकू येतो. लांबून, वाळवंटी नदीच्या पलीकडून आल्यासारखा. झोपेतच मी उठते, जनेल उघडते, तर काजूच्या सावलीत तुझा शिगम्यातला घोडा उभा. कमरेत माणूस नाही, नुसताच घोडा, रंगीत घेर जमिनीवर पसरलेला, आणि मोहोराचा वास. मी विचारते, दादा कुठे रे. तो काही सांगत नाही, चरत राहतो. लाकडाचं तोंड चरतं कसं, हे मला स्वप्नात कधी विचारावंसं वाटत नाही.

बाबांच्या कमरेवरून तो घोडा तुझ्या कमरेवर आला ते वर्ष मला आठवतं. बांबूची चौकट, पुढे रंगवलेलं तोंड, तुझ्या डोक्यावर अबोलीच्या माळांनी भरलेला मुकुट, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. शिगम्याच्या घोडेमोडणीत तू नाचतच जन्मलास असं वाटायचं. माझ्या शाळेतली पोरं मला विचारायची, बाई, तुमचा भाऊ घोड्यावर बसतो की घोडा त्याच्यावर? मी त्यांना दटावायची आणि घरी येऊन तुला सांगायची. तू गंभीर तोंड करून म्हणायचास की हे अजून आमचंही ठरलेलं नाही. सगळे घोडे ढोल-ताशांच्या ठेक्यावर गावाच्या शिमेपर्यंत जायचे, तिथे थबकायचे आणि परत फिरायचे. शीम म्हणजे काय, एक दगड आणि एक आंबा. पण ती ओलांडायची नाही हे कारापूरच्या आपल्या वाड्यावर रांगत्या पोरालाही ठाऊक. घोडे घरी परतले की गावाचं वर्ष सुखाचं जातं, असं आई म्हणायची.

मग खाण बंद पडली. तू चालवायचास तो टिपर धूळ खात उभा राहिला आणि तुझी झोप उडाली. आधी वाटलं काम नाही म्हणून असेल. तू रात्ररात्र चालायचास, दिवसा भरभर बोलायचास, मधेच थांबून कोणाचं तरी ऐकायचास. शिगम्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणालास, घोडा यंदा शिमेवर थांबायला तयार नाही. मग लगाम ओढ, मी म्हटलं. लगाम त्याच्याच हातात आहे, तू म्हणालास. मला ते बोलणं आवडलं होतं, दादा. शाळेत जाताना रस्ताभर मी ते मनात घोळवत होते.

त्या संध्याकाळी तू खरंच थांबला नाहीस. दगड मागे पडला, आंबा मागे पडला, तू नाचत रस्त्याला लागलास. आणि माणसं तुला धरायला धावली नाहीत. हात जोडून बाजूला झाली. भार आला म्हणाली, देव अंगात आला. बायकांनी तुझ्या पायांवर पाणी ओतलं, कोणी तरी नारळ फोडला. दुसऱ्या गावात असतास तर चौघांनी मिळून तुला आडवा घातला असता. आपल्या गावाने तुला वाट करून दिली.

एकटा भिकूदा पुढे झाला. तुमची पाटीपेन्सिलपासूनची जोडी. तू टिपर चालवायचास, तो माडावर चढून नारळ पाडायचा, आणि शिगम्यात तुझ्या घोड्याच्या डाव्या अंगाला त्याचीच झांज वाजायची. त्याने झांज टाकली, येऊन उजव्या हाताने तुझ्या घोड्याचा लगाम धरला आणि म्हणाला, "नारायणा, फाटी फिर." माघारी फिर, एवढंच. तलवार त्याच्या हातावर उतरली. मनगटाच्या वर. हात वाचला, पण दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत, आणि भिकूदा पुन्हा कधी माडावर चढला नाही. आता तो दुसऱ्यांनी पाडलेले नारळ विकत बसतो.

त्याने तक्रार केली नव्हती, हे तुला ठाऊक आहे. दवाखान्यात जखम बघून पोलिसांना कळवलं गेलं, आणि पुढे ते प्रकरण कोणाच्याच हातात राहिलं नाही.

कोर्टात पहिल्यांदा जज्जसाहेबांनी तुला नाव विचारलं. तू म्हणालास, कोणाचं, माझं की त्याचं? मागे कोणी तरी हसलं. साहेब हसले नाहीत, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तुझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग तुला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचा हुकूम झाला. सरकारकडून मिळालेल्या आपल्या वकीलबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं की प्रश्न दोन आहेत. तेव्हा हा शुद्धीत होता का, हा एक. आणि आज कोर्टात काय चाललंय ते याला कळतंय का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हो येईपर्यंत पहिला विचारताच येत नाही. तोवर खटला थांबतो आणि माणूस इस्पितळात राहतो.

म्हणजे तुला आधी बरं करायचं, आणि मग विचारायचं. ऐकायला किती सरळ वाटलं होतं.

तू गोळ्या घेईनास. जिभेखाली धरायचास, नर्स वळली की कुंडीत टाकायचास. त्या कुंडीतला क्रोटन तुझ्यापेक्षा शांत झाला होता म्हणे. डॉक्टर तरुण होते, आर्जवी. त्यांनी मला सांगितलं की तुमच्या भावाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही तोवर त्यांच्या वतीने होकार तुमचा, आणि तुम्ही हो म्हणालात तर इंजेक्शन सुरू करू. मी हो म्हटलं. दोघा वॉर्डबॉयनी तुला धरलं तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तू ओरडला नाहीस. तोंडाने शिगम्याचा ठेका धरला होतास, आणि तो हळूहळू मंद होत गेला. आजही मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. तुला हे ऐकवायचंच होतं, कारण तू त्या होकारावरून माझ्याशी जन्मभर भांडलास आणि मी एकदाही माघार घेतली नाही.

पण तुझं म्हणणंही मला पाठ आहे. इस्पितळाच्या बागेतल्या बाकावर बसून, थरथरत्या हाताने केळं सोलत तू बोलला होतास. जीभ जड झाली होती, शब्द ओढून काढावे लागत होते, पण काढलेस.

"माका बरो करतत तो कित्याक? इचारूक. जो शिमेपल्याड गेलो, तेका हंय सुयो मारून घालवतले. आणि मगे माझ्या तोंडाकडे बघून इचारतले, तू केलंस काय. मी खंय होतंय थंय?"

शिमेपलीकडे गेला त्याला सुया टोचून घालवायचं आणि जाब मात्र तिथे नसलेल्या तुला विचारायचा, असं तुझं म्हणणं. मी चिडले. म्हटलं, मग काय जन्मभर असंच राहायचंय? आई असती तर तिला ओळखलं नसतंस, मला ओळखत नव्हतास, ते बरं होतं का? केळ्याचा अर्धा तुकडा मला दिलास. माझा राग गिळायला तो पुरला.

तू म्हणायचास की कोर्टाला जो माणूस बघायचाय तो हा नव्हे. हा जाडजूड, सावकाश, ओठ पुसत बोलणारा माणूस पाहून साहेबांना वाटेल, हा बरा तर आहे, मग याने हे केलंच कसं. आणि तो दुसरा, जो घोड्याचं ऐकत होता, त्याला कोणी पाहिलेलंच नसेल. वकीलबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हा मुद्दा मोठमोठ्या वकिलांना सुचत नाही. मी तुला तसं सांगितलं, तर तू म्हणालास, मग मला सनद द्या, आणि खूप दिवसांनी हसलास. त्या हसण्यासाठी मी त्या औषधाचे आभार मानले होते, दादा. तुला न सांगता.

मग सुरू झालं ते येरझाऱ्या घालणं. तू बरा झालास की इस्पितळ लिहून द्यायचं, हा खटल्याला उभा राहू शकतो. जामीन मिळायचा, तू घरी यायचास, महिनाभरात गोळ्या सोडायचास. तारीख येईपर्यंत तुझं पुन्हा जनेलाबाहेर ऐकणं सुरू. कोर्टात उभा राहून तू भलतंच काही बोललास की पुन्हा हुकूम, पुन्हा सुया. दर खेपेला भिकूदा साक्षीदार म्हणून यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि तारीख पडली की निघून जायचा. एकदा मी त्याला म्हटलं, भिकूदा, तुझा दिवस फुकट जातो. तो हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाय, माका शिक्षा नको तेका. तेणा माका वळखल्यान काय, तेवढाच होया."

तू त्याला ओळखून मारलंस की ओळख न पटता, एवढंच त्याला हवं होतं. ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला विचारायची परवानगी त्या वेळी कोणालाच नव्हती.

शेवटच्या खेपेला मी डॉक्टरांशी भांडले. म्हटलं, याचे हात बघा, कप धरता येत नाही, एवढं औषध कशाला. त्यांनी ऐकून घेतलं, मात्रा कमी केली. तू माझ्याकडे आलास, आणि या वेळी गोळ्या सोडल्या नाहीस. माझ्यासमोर घ्यायचास, पाणी प्यायचास, तोंड उघडून दाखवायचास, वर म्हणायचास, मास्तरीणबाय, गृहपाठ तपासा. आरोप वाचून दाखवायची तारीख फाल्गुनात पडली होती. हे थोडे महिने आपल्याला मिळाले ते माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने आहेत. लाटंबार्सेहून मावशीने ओले काजूगर पाठवले त्या दिवशी आपण दोघांनी मिळून उसळ केली, आणि मीठ तू दोनदा घातलंस. कोणी तक्रार केली नाही. संध्याकाळी तू अंगणात फेऱ्या मारायचास, कुंपणापाशी गेलास की न चुकता परत फिरायचास. मी ते जनेलातून बघायची.

आणि मग पौष सरता सरता एका सकाळी, उंडा चहात तसाच ठेवून, तू म्हणालास, "भिकूक मी वळखललंय, बाय."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. तू बाहेरच बघत होतास. धुकं अजून होतं.

"तलवार तेच्या मानेर येय होती. तेचा तोंड दिसला. म्हणान हात वळवलंय."

एवढं बोलून तू उंडा खाल्लास. तो चहात विरघळत आला होता, तू बोटांनी काढून खाल्लास. तुझ्या तोंडावर इतकी शांतता मी बाबांनंतर कोणाच्या पाहिली नव्हती. म्हणालास, आता कोर्टात हेच सांगणार.

वकीलबाईंना फोन केला, तर त्या घाबरल्या. म्हणाल्या, तसं बोलू देऊ नका. ओळखलं म्हणजे शुद्ध होती, हात वळवला म्हणजे ताबा होता, सरकारी वकील हेच धरून बसेल, आणि तेव्हा मन ठिकाणावर नव्हतं हा आपला सगळा बचाव कोसळेल. ओळखलं नाही म्हटलं तर सुटण्याची आशा आहे. आणि भिकूदालाही आधी काही कळवू नका, तो साक्षीदार आहे.

मग आपलं ते भांडण. मी म्हटलं, कोर्टात गप्प राहायचं, सुटल्यावर भिकूदाला हवं ते सांग. तू म्हणालास की एवढी वर्षं सुया टोचून मला बोलता केला तो बोलण्यासाठी ना, मग आता बोलता आल्यावर गप्प राहू? मी म्हटलं, तुरुंगात गेलास तर तिथे गोळ्या कोण देणार, अंगणात फेऱ्या कोण मारणार? तू म्हणालास, न ओळखता मारलं असं मी म्हटलं तर भिकू उरलेलं आयुष्य कोणी तरी परका होऊन जगेल. मी रडले. तू उठून मला पाणी दिलंस, कप जराही हलला नाही.

आणि दुसरं भांडण, लहानसं, तेही तसंच राहिलं. तुझं म्हणणं, औषध कमी झालं म्हणून तो क्षण आठवला. माझं म्हणणं, औषध घेत राहिलास म्हणून आठवला. डॉक्टरांना विचारू म्हटलं होतं. मग ताप आला.

तू गेल्यानंतरची तारीख मी चुकवली नाही. शिपायाने तुझं नाव पुकारलं, सवयीने माझी मान दाराकडे वळली. वकीलबाईंनी मृत्यूचा दाखला पुढे केला. साहेबांनी वाचला आणि सांगितलं की आरोपी मयत असल्याने खटला संपुष्टात येत आहे. मग कागद बाजूला ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, वाईट झालं. तेच साहेब नव्हते, हे तिसरे होते, पण तेवढं म्हणाले. तू हे केलंस का, असं तुला कोणी कधी विचारलंच नाही, दादा. त्या प्रश्नासाठी तुला इतक्यांदा तयार केलं, आणि प्रश्न तसाच राहून गेला. भिकूदा कोपऱ्यात होता. मी वळेपर्यंत तो गेलेला होता.

शिगम्याच्या आधी तो इथे आला. दुखवट्याच्या घरचा घोडा त्या वर्षी घरच्यांनी बांधायचा नसतो, तुला माहीतच आहे. बाहेरच्या कोणी त्या घरी येऊन मागितला तर तो नाचतो, नाहीतर देवळाच्या मंडपात टांगलेला राहतो. तुझा तर त्या संध्याकाळपासूनच टांगलेला होता. जामिनावर असताना तू तो कधी मागितला नाहीस, आणि दुसरं कोणी त्याला हात लावत नव्हतं. भिकूदा अंगणात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, नारायणाचा घोडा मागायला आलोय.

मला वाटलं थट्टा करतोय. मग त्याचं तोंड पाहिलं.

मी त्याला म्हटलं, भिकूदा, आधी एक सांगायचंय. दादाने तुला ओळखलं होतं. तलवार मानेवर येत होती, तुझं तोंड दिसलं म्हणून त्याने हात वळवला. कोर्टात तो हेच सांगणार होता.

तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभा राहिला, जणू कोणाचा तरी हात हातात घेतलाय. मग म्हणाला, "म्हणान जीव रवलो माझो." आणि पुन्हा, स्वतःशीच, "वळखल्यान." कुंपणाशी जाऊन त्याने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी घेरासाठी नवं कापड आणून मी त्याला दिलं. तांबडं घेतलंय, तुला हिरवं आवडायचं ते मिळालं नाही.

काल घोडेमोडणी झाली. दुखवटा म्हणून मी, घोडे जमतात त्या मांडावर गेले नाही, शिमेच्या अलीकडे रस्त्याकडेला उभी राहिले. ऊन उतरलं होतं, धूळ सोन्यासारखी उडत होती, आणि घोडे त्या धुळीतून असे येत होते की पाय कोणाचेच दिसत नव्हते. मला वाटलं मी पुन्हा दुपारची झोपलेय. सगळ्यात शेवटी तुझा. भिकूदाने तलवार घेतली नव्हती, त्या हातात ती राहत नाही. त्याच हाताला फडक्याने लगाम बांधून घेतला होता. नाच त्याला कुठे येतो, तो झांजेचा माणूस. ठेका चुकत होता, तरी कोणी हसलं नाही.

दगडापाशी बाकीचे घोडे वळले. तो थांबला. लोक बघत राहिले, ढोलवालेही बघत राहिले, पण वाजवायचे थांबले नाहीत. भिकूदा वाकला, घोड्याच्या लाकडी कानाशी तोंड नेलं. त्या आवाजात मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्याचे ओठ मला दिसले आणि ते शब्द मला पाठ होते.

नारायणा, फाटी फिर.

आणि दादा, घोडा फिरला.